पार्किन्सन रोगातील नेत्रचलन-नियंत्रण

कंपवात या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या पार्किन्सन रोगात हातापायांच्या हालचालींबरोबरच डोळ्यांच्या हालचालींवरील ताबाही मंदावतो. नजर एका बिंदूवरून दुसऱ्यावर झटकन नेणारी हालचाल, म्हणजे सॅकेड, अपुरी पडते आणि लक्ष्य गाठण्यासाठी लहान लहान पूरक उड्या घ्याव्या लागतात. अचानक दिसलेल्या वस्तूकडे नजर वळणे बराच काळ शाबूत राहते. स्मरणातील जागेकडे किंवा दिसलेल्या खुणेच्या विरुद्ध दिशेला नजर नेणे मात्र आधी बिघडते. सरकत्या वस्तूचा संथ पाठलाग व वाचताना लागणारे डोळ्यांचे अभिसरण (दोन्ही डोळे नाकाकडे वळणे) हेही उणावते; अभिसरणाच्या उणिवेमुळे जवळचे दुहेरी दिसू शकते.

हिकोसाका आणि वुर्ट्झ यांनी माकडांवरील प्रयोगांतून 1983 मध्ये दाखविले की, सबस्टॅन्शिया नायग्रा या मेंदूतील खोल केंद्राचा जालिकामय भाग सॅकेड घडविणाऱ्या सुपीरियर कॉलिक्युलस या मध्यमेंदूतील केंद्राला सतत रोखून धरतो आणि नजर हलविण्याच्या क्षणी हा रोध सैल होतो. पार्किन्सन रोगात डोपामिन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन घटल्यावर हा रोध पुरेसा सैल होत नाही, हे हालचालींच्या अपुरेपणाचे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे. मेंदूच्या पुढील भागाकडून येणाऱ्या ऐच्छिक आज्ञांना याची अधिक झळ का बसते, हे मात्र त्यातून अंशतःच उलगडते.

स्थिर नजरेतील कंपाविषयी मतभेद आहेत. गिचेल व सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 112 रुग्णांची तपासणी करून त्या सर्वांत सरासरी 5.7 हर्ट्झचा (सेकंदाला 5.7 वेळा होणारा) नेत्रकंप असल्याचे नोंदविले आणि तो निदानास उपयोगी ठरेल असे सुचविले. कास्की व सहकाऱ्यांनी 2013 मध्ये हा कंप डोक्याच्या दोलनांतून उद्भवतो असे प्रतिपादन केले. डोके हलले की आंतरकर्णाशी निगडित प्रतिक्षेप डोळ्यांना उलट दिशेने वळवून नजर लक्ष्यावर टिकवतो. त्यामुळे डोक्याच्या तुलनेत डोळे कापताना नोंदले गेले, तरी प्रत्यक्षात नजर स्थिरच असू शकते. नेत्रकंपाची ही वारंवारता अवयवांच्या विश्रांतिकंपाच्या (अवयव विसावलेले असताना होणाऱ्या कंपाच्या) 4 ते 6 हर्ट्झ या कक्षेत बसते, म्हणजे तोच कंप डोक्यापर्यंत पोहोचत असू शकतो, आणि समोरचे दृश्य हलत असल्याची तक्रारही सहसा आढळत नाही, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. निदानाच्या दाव्याकडे त्यामुळे सावधपणेच पाहावे लागते.

निदानदृष्ट्या अधिक भरवशाचा भेद अन्यत्र आहे. स्टील, रिचर्डसन व ओल्शेव्स्की यांनी 1964 मध्ये वर्णन केलेल्या प्रगामी सुप्रान्यूक्लियर पक्षाघात या पार्किन्सनसारख्या दिसणाऱ्या मेंदूविकारात उभ्या दिशेतील, विशेषतः खाली पाहण्याच्या, सॅकेड प्रथम संथ होतात आणि पुढे जवळपास थांबतात. पार्किन्सन रोगात त्यांचा वेग बहुधा टिकून राहतो, उणे होते ते अंतर. हंटिंग्टन रोग या आनुवंशिक मेंदूविकारात नजर हलविण्याची सुरुवातच अवघड होते व रुग्ण पापणी मिटून किंवा डोके झटकून ती साधतो.

डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या लेव्होडोपा या औषधाचा नेत्रचलनावरील परिणाम एकसारखा नाही. काही हालचालींत सुधारणा होते, तर प्रतिक्षेपी (अचानक दिसलेल्या वस्तूकडे वळणाऱ्या) सॅकेडना होणारा विलंब वाढल्याचेही निष्कर्ष आहेत.