मन्सी गिअरबॉक्सची ओळख

शेव्हरले शेव्हेल, कमॅरो, पाँटियाक जीटीओ अशा जुन्या अमेरिकी मसल कारमध्ये (ताकदवान इंजिनाच्या गाड्यांमध्ये) हाताने गिअर टाकायचा चार-गती गिअरबॉक्स नेमका कोणता बसवला आहे, हे ठरवण्याची रीत. जनरल मोटर्सने १९६३ ते १९७४ या काळात वापरलेल्या ‘मन्सी’ गिअरबॉक्सबाबत हा प्रश्न सर्वाधिक येतो. तो इंडियाना राज्यातील मन्सी गावच्या कारखान्यात तयार होई. गंमत म्हणजे त्याचा प्रतिस्पर्धी बोर्ग-वॉर्नर टी-१० हाही त्याच गावचा.

पहिली खूण गाडीखाली शिरले की सापडते. ड्रायव्हरच्या बाजूच्या झाकणावरचे तेलकट मळीचे थर खरवडून बोल्ट मोजावेत. नऊ असतील तर टी-१०. सात असतील तर मन्सी किंवा सॅजिनॉ (जनरल मोटर्सचाच दुसरा गिअरबॉक्स). मग रिव्हर्सचा लिव्हर पाहावा: मन्सीत तो झाकणावर नसतो, मागच्या टेल हाउसिंगवर असतो, सॅजिनॉचे तिन्ही लिव्हर झाकणावरच. शिवाय मन्सीची केस (बाहेरचे कवच) ॲल्युमिनियमची, सॅजिनॉची बिडाची, त्यामुळे लोहचुंबकही पुरतो. फोर्डच्या ‘टॉपलोडर’ला बाजूचे झाकणच नसते, ते वर असते.

मन्सीतही तीन प्रकार आहेत. एम-२० च्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर, म्हणजे मागचा शाफ्ट एकदा फिरायला पुढचा किती वेळा फिरतो ते, २.५२ (१९६५पर्यंत २.५६), तर एम-२१ व एम-२२ या दोघांचे २.२०. गिअरबॉक्स उतरवलेला असेल, तर पहिल्या गिअरमध्ये टाकून इनपुट शाफ्ट (इंजिनाकडचा, पुढचा दांडा) हाताने फिरवावा. मागचा शाफ्ट एक पूर्ण फेरा घेईपर्यंत पुढचा अडीच फेऱ्यांच्या किंचित पुढे गेला तर एम-२०, सव्वादोनच्याही आत थांबला तर उरलेल्या दोघांपैकी एक. १९६६पासून इनपुट शाफ्टवर खाचाही दिसतात: एम-२० वर दोन, एम-२१ वर एक, एम-२२ वर एकही नाही. पण शाफ्ट बदललेला असू शकतो, म्हणून फेरे मोजणेच जास्त भरवशाचे.

एम-२१ आणि एम-२२ वेगळे काढायला झाकण उघडावे लागते. एम-२२ चे दाते कमी तिरके, जवळजवळ सरळ असतात. त्यामुळे तो जास्त जोर सोसतो आणि चालताना घरघरतो. या आवाजावरूनच त्याला ‘रॉक क्रशर’ म्हणतात.

केसच्या उजव्या बाजूला ठोकलेल्या शिक्क्यात ‘पी’ म्हणजे मन्सी कारखाना, पुढे वर्ष, महिन्याचे अक्षर आणि दिवस. उदाहरणार्थ, ‘पी९डी१२बी’ म्हणजे १२ एप्रिल १९६९. शेवटचा ‘बी’ एम-२१ दाखवतो (‘ए’ एम-२०, ‘सी’ एम-२२). हे शेवटचे अक्षर जुन्या शिक्क्यांवर नसते. १९६८पासून गाडीच्या चासी क्रमांकाचा काही भागही केसवर ठोकत. मात्र शिक्का फक्त केसचा असतो. पन्नास वर्षांत आतले गिअर कितीदा बदलले, हे तो सांगत नाही. शिवाय एम-२२ ला भाव जास्त असल्याने नव्याने ठोकलेले ‘सी’ही बाजारात आढळतात.