नवा फिल्टर घेण्याआधी

घरच्या फिश टँकच्या फिल्टरमध्ये स्वतः करता येतील असे फेरफार: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"पाणी गढूळ होतंय, मोठा फिल्टर द्या." हे वाक्य आमच्या कानावर दर रविवारी पडतं. मोठा फिल्टर विकायला आमची ना नाही, दुकान त्यावरच चालतं. पण आधी आम्ही एक प्रश्न विचारतो: जुना फिल्टर शेवटचा कधी धुतलात, आणि कशात? उत्तर ऐकलं की बऱ्याचदा फिल्टरचं खोकं परत फळीवर जातं आणि ग्राहकाच्या हातात स्पंजचा एक तुकडा नि हे पत्रक पडतं.

गाळणं हे अर्धंच काम

फिल्टर म्हटलं की चहाची गाळणी डोळ्यांपुढे येते. कचरा अडवणं हे त्याचं काम आहेच, पण मासे जगतात ते दुसऱ्या कामावर. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि तळाशी कुजणाऱ्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो दिसत नाही. पाणी काचेसारखं लख्ख असतानाही मासे मरतात ते यामुळे. स्पंजवर आणि सिरॅमिक रिंग्जवर (चिनी मातीच्या सच्छिद्र कड्यांवर) वस्ती करणारे काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की नायट्रेट आवाक्यात राहतं.

हे जिवाणू सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला 4 ते 6 आठवडे लागतात. त्यांना बसायला जागा लागते आणि वाहत्या पाण्यातला प्राणवायू लागतो. स्पंजवर दिसणारा तो तपकिरी, बुळबुळीत थर त्यांचंच घर आहे. घरातलं विरजण असतं ना, तसा हा जुना स्पंज. सगळं दही संपवून भांडं लख्ख घासून ठेवलं, तर उद्याचं दही लावणार कशाने?

हा धडा आम्ही फुकट शिकलो नाही. दुकान सुरू केलं त्याच वर्षी दिवाळीच्या साफसफाईत सहा टाक्यांचे स्पंज नळाखाली पिळून पांढरेशुभ्र केले. फार समाधान वाटलं. तिसऱ्या दिवशी गोल्डफिश वर येऊन तोंडं वासायला लागले आणि आठवडा संपेपर्यंत दोन टाक्या रिकाम्या झाल्या. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने आणि आमच्या उत्साहाने मिळून ते काम केलं होतं.

त्यामुळे सगळ्यात पहिला फेरफार बिनपैशाचा आहे. पाणी बदलताना टाकीतून काढलेल्या पाण्याच्याच बादलीत स्पंज दोन-तीनदा दाबून काढा. पाणी चॉकलेटी होईल. स्पंज तपकिरीच राहू द्या.

आधी प्रवाह मोजा

खोक्यावर ताशी 600 लिटर लिहिलेलं असतं. तो आकडा बहुधा मोटर मोकळी चालवून काढलेला असतो. आत स्पंज कोंबला, त्यात आठवड्याचा गाळ साचला की प्रत्यक्षात किती पाणी फिरतं हे मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजायला आमच्याकडून मासे नेता ती प्लॅस्टिकची पिशवी पुरते. पिशवीतली हवा पूर्ण दाबून काढा, पाण्याखाली तिचं तोंड फिल्टरच्या तोटीवर धरा आणि बरोबर दहा सेकंद पाणी भरू द्या. मग तोंड पिळून पिशवी बाहेर काढा आणि मापाच्या भांड्यात ओता. जितके लिटर आले त्याला 360 ने गुणलं की ताशी प्रवाह मिळतो. दीड लिटर आलं तर 540, सहाशे मिली आलं तर 216.

आता टाकीचा हिशेब. एक घनफूट म्हणजे सुमारे 28 लिटर. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच टाकीत 56 लिटर मावतं, पण वाळू-खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता 48-50 उरतं. ताशी चार-पाच वेळा हे पाणी फिल्टरमधून फिरलं म्हणजे बास. म्हणजे 200 ते 250 लिटर. सहाशेची मोटर गाळाने अर्ध्याहून खाली आली तरी तुमचं काम चालू असतं, आणि आणखी मोठ्या मोटरने फायटर माशाचे पंख फाटण्यापलीकडे फारसं काही होत नाही. गोल्डफिश मात्र खादाड आणि घाण जास्त करणारा मासा. त्याच्यासाठी याच्या दुप्पट प्रवाह धरा.

तोंडावर स्पंजची टोपी

एकच फेरफार करायचा असेल तर हा करा. पाणी जिथून मोटरमध्ये ओढलं जातं त्या जाळीवर स्पंजचं नळकांडं बसवायचं. तीन फायदे होतात. मोठा कचरा बाहेरच अडतो, त्यामुळे आतला स्पंज लवकर तुंबत नाही. गप्पीची पिल्लं आणि कोळंबी आत ओढली जात नाहीत. आणि जिवाणूंना आणखी एक घर मिळतं.

स्पंज जाड छिद्रांचा हवा, इंचाला 20 ते 30 छिद्रं. बारीक छिद्रांचा घेतलात तर दोन दिवसांत तुंबतो, मोटरला पाणी मिळत नाही आणि ती घरघरायला लागते. या मोटरी पाण्यानेच थंड होतात, त्यामुळे ती घरघर कानाआड करू नका. गादीचा फोम नको, त्यात काय रसायन मारलंय ते कळायला मार्ग नाही. भांडी घासायचा रंगीत स्पंजही नको, त्यातल्या काहींना जंतुनाशक लावलेलं असतं.

मऊ स्पंज कापताना कात्री वेडीवाकडी जाते. तो ओला करून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी बर्फाची वीट झालेली असेल, ती पावाच्या दातेरी सुरीने सरळ कापली जाते. मधलं भोक पाडायला जुन्या नळीच्या तुकड्याचं तोंड पात्याने धारदार करा आणि गोल फिरवत आत दाबा. जाळीचा व्यास 16 मिलिमीटर असेल तर भोक 12 चं ठेवा म्हणजे स्पंज घट्ट बसतो. ही टोपी दर आठवड्याला दाबून धुवायची, आतल्या स्पंजला मग महिनाभर हात लावावा लागत नाही.

डब्याच्या आत काय भरायचं

टाकीत बुडणाऱ्या फिल्टरबरोबर बहुधा एक पातळ स्पंज आणि कोळशाची पुडी येते. आमचं स्पष्ट मत: ती पुडी काढा आणि ती जागा जिवाणूंना द्या. कोळसा काही आठवड्यांत भरून जातो आणि नंतर नुसता बसून राहतो. त्याचा खरा उपयोग औषधाचा कोर्स संपल्यावर उरलेलं औषध ओढून घ्यायला, किंवा लाकडाने पाणी पिवळं झालं असेल तेव्हा. औषध चालू असताना तर तो आत नकोच, औषधच खाऊन टाकतो.

पाणी ज्या दिशेने येतं त्या दिशेने पहिला जाड स्पंज, मग बारीक कापूस, शेवटी रिंग्ज. टाकीवर ठेवायच्या ट्रेमध्ये पाणी वरून पडतं, म्हणून तिथे जाड स्पंज सगळ्यात वर. कापूस खराब झाला की फेकायचा. रिंग्ज फेकायच्या नाहीत, टाकीच्याच पाण्यात हलक्या हाताने विसळायच्या. रिंग्ज महाग वाटत असतील तर प्लॅस्टिकच्या जाळीदार घासण्या चालतात. साबण लावलेल्या नकोत, तारेच्या तर मुळीच नकोत. तांब्याची तार कोळंबीला मारक असते.

एक चूक जवळपास सगळे करतात. स्पंज डब्यापेक्षा जरा लहान कापला जातो आणि कडेला फट राहते. पाणी आळशी असतं, फट मिळाली की स्पंजमधून कशाला जाईल! स्पंज डब्यापेक्षा चार-पाच मिलिमीटर मोठा कापा आणि दाबून बसवा. पण इतकाही कोंबू नका की प्रवाहच मरेल. मघाची पिशवी घेऊन पुन्हा मोजा. आधीच्या दोन-तृतीयांशाच्या खाली गेला असेल तर काहीतरी कमी करा.

जोराच्या धारेची फवारनळी

फायटर, गप्पी, एंजल यांना जोराची धार सोसत नाही. मोटर लहान घेण्यापेक्षा धार पसरून द्या. अर्ध्या इंचाच्या आसपासची कडक प्लॅस्टिकची नळी वीतभर कापा, एक टोक बुचाने बंद करा आणि एका ओळीत छिद्रं पाडा. सगळ्या छिद्रांचं क्षेत्रफळ मिळून नळीच्या तोंडाएवढं किंवा किंचित जास्त हवं. आतून 12 मिलिमीटरची नळी असेल तर 4 मिलिमीटरची नऊ छिद्रं पुरतात. कमी पाडलीत तर मोटर अडखळते. छिद्रांच्या कडा आतून-बाहेरून घासून घ्या, नाहीतर तिथेच केस आणि शेवाळ अडकतं.

नळी पाण्याच्या पातळीलगत आडवी लावा आणि छिद्रं किंचित वर तोंड करून ठेवा म्हणजे पृष्ठभाग हलता राहतो. उन्हाळ्यात याची किंमत कळते. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना सुमारे 7.5. नेमका उन्हाळ्यातच माशांना आणि जिवाणूंना तो जास्त लागतो. ज्यांच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडून झाडं वाढवली आहेत त्यांनी मात्र नळी पाण्यात थोडी खोल ठेवावी, पृष्ठभाग फार ढवळला की सोडलेला वायू उडून जातो.

हवेवर चालणारा स्पंज फिल्टर

स्वस्त म्हणून याला लोक नाक मुरडतात. आमच्या पिल्लांच्या टाक्यांत दुसरं काहीच नसतं. त्यात सुधारणा सोपी: हवेची नळी उघड्या तोंडाने सोडण्याऐवजी तिच्या टोकाला लहानसा एअर स्टोन (हवा बारीक करून सोडणारा सच्छिद्र दगड) लावून तो उभ्या नळकांड्याच्या बुडाशी बसवा. मोठ्या बुडबुड्यांऐवजी बारीक बुडबुड्यांची रांग वर जाते, पाणी जास्त उचललं जातं आणि रात्रीची ती बुळ्ळ-बुळ्ळ कमी होते. नळकांडं आखूड असेल तर तुकडा जोडून पाण्याच्या पातळीपर्यंत न्या. हवेच्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं.

वीज गेली तर

तासाभराने काही बिघडत नाही. जास्त वेळ गेली तर डब्यातल्या साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि जिवाणू गुदमरतात. अशा वेळी डबा उघडून स्पंज टाकीतच तरंगत सोडून द्या. टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर (कॅनिस्टर) असेल आणि वीज बरेच तास गेली असेल, तर चालू करण्याआधी त्यातलं सडकं पाणी ओतून टाका, ते टाकीत जाऊ देऊ नका. गणपतीला गावी जाणार असाल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावून जा. आणि शेजाऱ्यांना खाद्याचा डबा देऊन जाऊ नका, रोजच्या चिमटीच्या पुड्या बांधून द्या.

बोअरचं पाणी

पुण्यात खडकवासल्याचं पाणी मऊ, बोअरचं क्षारांचं. बोअरवाल्यांच्या इम्पेलरवर (मोटरमधल्या फिरत्या पात्यावर) पांढरी पुटं चढतात आणि मोटर आवाज करते. इम्पेलर काढून लिंबूफुलाच्या पाण्यात अर्धा तास बुडवा, मऊ ब्रशने घासा, स्वच्छ धुऊन लावा. हा भाग नळाखाली धुतला तरी चालतो, इथे विरजण नाही. क्षारांच्या पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कतेचा आकडा) बहुधा चढा असतो आणि त्यात अमोनिया जास्त घातक होतो. 25 अंशांना, पीएच 7 असताना एकूण अमोनियातला एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, 8 झाला की पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणून बोअरवाल्यांनी स्पंजची काळजी दुपटीने घ्यावी.

हात घालण्याआधी

प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. वायर टाकीतून सरळ प्लगकडे नेऊ नका. तिला प्लगच्या खाली झोल द्या म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलाला ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. फेरफार डब्यात, नळीत, स्पंजमध्ये करा. मोटरचा सीलबंद भाग कापू किंवा उघडू नका. तो उघडलेला दिसला तर आमची वॉरंटी लागू राहत नाही आणि त्यावर आम्ही वाद घालत नाही.

नवा स्पंज किंवा नवा फिल्टर लावलातच, तर जुना निदान चार आठवडे सोबत चालू ठेवा. जुना फाटून गेला असेल तर त्याचा तुकडा नव्याच्या शेजारी डब्यात कोंबा. तेवढे दिवस खाद्य निम्मं करा.

स्पंज मापाने कापून द्यायचे आणि छिद्रं पाडून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही, फक्त स्पंजचे आणि नळीचे घेतो. येताना जुना फिल्टर वाळवून, पुसून आणू नका. टाकीच्या पाण्यासकट पिशवीत घालून आणा. सोमवारी दुकान बंद असतं.