‘कॅल्क्युलेट’मधला खडा

कमरेतून कळा येणाऱ्या रुग्णाच्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘रीनल कॅल्क्युलस’ असे लिहिलेले असते, आणि कदाचित त्याच घरात बारावीतली मुलगी कॅल्क्युलसची उदाहरणे सोडवत बसलेली असते. हा शब्द दोन्ही ठिकाणी एकच आहे. लॅटिनमध्ये ‘कॅल्क्स’ म्हणजे चुनखडीचा दगड, आणि ‘कॅल्क्युलस’ हे त्याचे लघुत्वदर्शक रूप, म्हणजे लहानसा खडा. हिशेब करणे या अर्थाचे ‘कॅल्क्युलेट’ हे इंग्रजी क्रियापद याच खड्यापासून आले.

खड्याचा हिशेबाशी संबंध जुळला तो रोमन अंकांच्या अडचणीमुळे. हे अंक आकडा नोंदवून ठेवायला पुरेसे होते, पण त्यांच्यात बेरीज मांडणे जिकिरीचे होते. नुसते अठ्ठावीस लिहायला सहा अक्षरे लागत. म्हणून प्रत्यक्ष हिशेब रेघा आखलेल्या फळीवर खडे मांडून होत असे. सतरा आणि अठ्ठावीस मिळवायचे असतील, तर एककाच्या रकान्यात सात आणि आठ मिळून पंधरा खडे जमत. त्यांतले दहा उचलून त्यांच्या बदली दशकाच्या रकान्यात एक खडा ठेवला की तिथे चार आणि एककात पाच खडे उरत, आणि उत्तर पंचेचाळीस हे डोळ्यांना दिसे. आपण शाळेत ‘हातचा एक’ म्हणतो, तो इथे खरोखरच हाताने उचलून ठेवला जात असे.

या पद्धतीचे मर्म असे की खड्याला स्वतःची किंमत नसते, त्याच्या जागेला असते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने राजदरबारातील माणसांना याच खड्यांची उपमा दिली आहे: हिशेब करणाऱ्याच्या मर्जीनुसार तोच खडा आता कवडीमोल, तर लगेच लाखमोलाचा. ग्रीक भाषेत अशा खड्याला ‘सेफोस’ म्हणत आणि मतदानही खड्यांनी होत असे. निवडणुकांच्या अभ्यासाला सेफॉलॉजी म्हणतात ते त्यामुळेच.

पुढे जर्मन गणितज्ञ लायब्निट्झने 1684 मध्ये आपल्या नव्या गणितपद्धतीवरील लॅटिन लेखाच्या शीर्षकात ‘कॅल्क्युलस’ हा शब्द वापरला आणि खडा उच्च गणितात जाऊन बसला. आपण त्या शाखेला ‘कलन’ म्हणतो. ध्वनी सारखा वाटला, तरी हा शब्द मोजणे या अर्थाच्या संस्कृत ‘कल्’ धातूपासून आलेला आहे, आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील संकलित-व्यवकलित, म्हणजे बेरीज-वजाबाकी, हे शब्दही त्याच कुळातले. मला ही मराठी निवड फार नेमकी वाटते.

वैद्यकाने मात्र शब्दाचा मूळ अर्थच सांभाळला. मराठीनेही मूत्रमार्गातील या त्रासदायक वस्तूला स्वतंत्रपणे ‘मुतखडा’ म्हटले आहे. बहुतेक मुतखड्यांत कॅल्शियम असते, पण म्हणून त्यांना कॅल्क्युलस म्हणतात असे समजू नये. क्रम उलटा आहे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही याने 1808 मध्ये चुन्यापासून हा धातू वेगळा केला आणि चुन्याच्या ‘कॅल्क्स’ या जुन्या लॅटिन नावावरून त्याचे नाव कॅल्शियम ठेवले, तेव्हा खड्यासाठी असलेला शब्द दोन हजार वर्षांचा होऊन गेला होता.