स्टॉक ॲक्सल, १०.९९ सेकंद आणि तपासणीची रांग: ड्रॅग स्ट्रिपवर गाडी उतरवण्याची पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

"स्टॉक ॲक्सल किती हॉर्सपॉवर झेपवतो रे?" जुनी मस्टँग घेतलेला आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनचा प्रत्येक मराठी माणूस पहिल्या उन्हाळ्यात हे विचारतोच. स्टॉक ॲक्सल म्हणजे मागच्या चाकांना जोर पोचवणारा, कंपनीनेच बसवलेला मूळ ॲक्सल. ड्रॅग स्ट्रिपवरच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ट्रॅकवरच्या, तपासनिसाला मात्र तुमच्या हॉर्सपॉवरशी देणंघेणं नसतं. १९५१ साली स्थापन झालेल्या एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या संस्थेची नियमावली सेकंदांवर चालते. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, तुम्ही किती वेळात कापता त्यावर गाडीत काय असायला हवं ते ठरतं. तेव्हा अर्ज भरण्याआधी स्वतःचा वेळ माहीत हवा.

घरबसल्या अंदाज काढायला एक जुना ठोकताळा आहे. ड्रायव्हरसकट गाडीचं वजन पौंडात घ्या, त्याला हॉर्सपॉवरने भागा, घनमूळ काढा आणि ५.८२५ ने गुणा. ३,३०० पौंडांची गाडी ४३० हॉर्सपॉवरला साधारण साडेअकरा सेकंद देते आणि ४९० च्या आसपास अकराच्या आत शिरते. साडेअकरा आणि अकरा, हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

पहिल्या खेपेला कागदपत्रं फार लागत नाहीत. राज्याचं वैध ड्रायव्हिंग लायसन्स, गेटवर सही करायचं जबाबदारीमुक्तीचं पत्र, वय १८ च्या खाली असेल तर पालकांच्या सह्या, आणि तपासणीचं कार्ड. गाडीच्या माहितीबरोबर अपेक्षित वेळही सांगावा लागतो. तिथे बढाई नको. १०.८० लिहिलंत तर १०.८० चे सगळे नियम तिथेच लागू होतात. कपड्यांवरून परत पाठवलेली माणसंही पाहिली आहेत: पूर्ण लांबीची पँट, बाह्यांचा शर्ट, मोजे आणि बंद बूट हवेत. जुलैच्या उकाड्यात चड्डी घालून आलेला माणूस दुसऱ्याची पँट मागत फिरतो.

न्यू जर्सीतल्याच एंग्लिशटाउनच्या ट्रॅकवरचं ड्रॅग रेसिंग जानेवारी २०१८ मध्ये थांबलं. तेव्हापासून आम्ही पेनसिल्व्हेनियात, रेडिंगजवळच्या मेपल ग्रोव्हला जातो. रांगेत तपासनीस आधी बॅटरी हाताने हलवून बघतो, मग कूलंटचा ओव्हरफ्लो डबा, मग चाकांचे नट. दाबून बसवलेल्या हबकॅप असतील तर काढायला लावतो. शेवटी टॉर्च घेऊन वाकतो आणि गाडीखाली बघतो. खरी परीक्षा तिथे.

१३.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला स्नेल या सुरक्षा मानकाचं प्रमाणित हेल्मेट सक्तीचं. त्याच वेळेला स्लिक, म्हणजे खाचा नसलेले चिकट शर्यतीचे टायर लावले असतील तर प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याला) लोखंडी कडं हवं, त्याच्या पुढच्या युनिव्हर्सल जॉइंटपासून (वळणाऱ्या सांध्यापासून) सहा इंचांच्या आत. साध्या रस्त्याच्या टायरवर हे कडं ११.४९ पासून लागतं. ११.४९ लाच रोल बार (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा आतला पाइप), पाच पट्ट्यांचा बेल्ट आणि अग्निरोधक जॅकेट येतं. २००८ नंतरच्या, फेरफार न केलेल्या कंपनी गाड्यांना यात काही सवलती आहेत. त्या चालू वर्षाच्या नियमावलीतच वाचा.

आता मूळ प्रश्न. १०.९९ किंवा त्याहून वेगवान गाडीत कंपनीचे मूळ ॲक्सल शाफ्ट चालतच नाहीत. वेगळे बनवलेले शाफ्ट हवेत आणि शाफ्ट तुटला तरी चाक निसटू नये अशी पकडही हवी. डिफरेन्शियलच्या (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरसंचाच्या) जागी दोन्ही चाकं एकत्र जखडणारा स्पूल बसवला असेल तर वेळ कितीही असो, हाच नियम. डिफरेन्शियलचे आतले गिअर वेल्ड करून स्पूलचं काम भागवण्याची गॅरेजछाप युक्ती सरळ बाद.

हा नियम आला कुठून, ते मस्टँगच्या ८.८ इंची ॲक्सलवरून समजतं. या आकड्याचा अर्थ क्राऊन गिअरचा, म्हणजे ॲक्सलमधल्या मोठ्या दातेरी चक्राचा, व्यास. १९८६ पासून आलेल्या या ॲक्सलमध्ये शाफ्ट २८ स्प्लाइनचे (टोकावरच्या २८ दात्यांचे), आणि त्यांना आत धरून ठेवणारी वस्तू म्हणजे इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची एक चपटी क्लिप. अंगठ्याएवढी. शाफ्ट मध्येच तुटला की क्लिपच्या हातात फक्त आतला तुकडा उरतो, आणि बाहेरचा तुकडा चाकासकट बाहेर सरकू शकतो. फोर्डच्याच जुन्या नऊ इंची ॲक्सलमध्ये बेअरिंग बाहेरच्या टोकाला पट्टीने बोल्ट केलेलं असतं, त्यामुळे तुटलेलं चाक जागेवर राहतं. ८.८ ला तशी पकड देणारे किट मिळतात. तपासनीस टॉर्च मारून शोधतो ते हेच.

आणि तुटतं ते हॉर्सपॉवरने नाही, सुरुवातीच्या झटक्याने. जुन्या पाच लिटरच्या मस्टँगचा टॉर्क सुमारे ४०७ न्यूटन-मीटर. पहिला गिअर ३.३५, मागचं गुणोत्तर ३.५५ धरलं तर ॲक्सलपाशी ४,८०० च्या वर जातो. रस्त्याच्या टायरवर चाक फिरतं आणि जोर धुरात जातो. स्लिकवर चाक फिरत नाही, मग शाफ्ट पिळतो. वेळेच्या चिठ्ठीवर पहिल्या ६० फुटांचा वेगळा आकडा असतो. तो दोन सेकंदांवरून दीडवर आला तर त्या टप्प्यातलं सरासरी प्रवेग जवळजवळ पावणेदोन पट झालं, इंजिन तेच असताना! माझ्या एका मित्राने टायर बदलले, बाकी काही नाही. तिसऱ्या खेपेला क्लच सोडला, 'टण्ण' आवाज आला, आणि गाडी ट्रॉलीवर घरी आली. त्यातच चाक उड्या मारत असेल तर कमी ताकदीतही हेच होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हा झटका बराच मऊ करतो.

३१ स्प्लाइनचे शाफ्ट घ्या असं सगळे सांगतात, ते बरोबर आहे, कारण ते जाड असतात. पिळाला विरोध व्यासाच्या घनाने वाढतो. व्यास दहा टक्के वाढला तर ताकद ३३ टक्के. माझं मत: स्लिक लावणार असाल आणि क्लच असेल, तर १२ सेकंदांच्या गाडीतही शाफ्ट आधी बदला, इंजिनवर खर्च नंतर.

९.९९ किंवा त्याहून वेगवान, किंवा ताशी १३५ मैलांचा वेग गाठणारी गाडी असेल तर सर्वसाधारणपणे प्रकरण औपचारिक होतं. चासीचं (गाडीच्या सांगाड्याचं) प्रमाणपत्र लागतं, आणि ड्रायव्हरला एनएचआरएचं स्पर्धा लायसन्स. त्यासाठी डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीतलं प्रत्येक बटण आणि लिव्हर हाताने दाखवावं लागतं. मग आधी अर्धवट, नंतर पूर्ण अशा चाचणी धावा, आणि त्या पाहिलेल्या दोन लायसन्सधारक ड्रायव्हरांच्या सह्या. त्या सह्यांसाठी ओळखीचे दोन जण आधीच गाठून ठेवा. ऐनवेळी पार्किंगमध्ये कोणी सापडत नाही.

पुण्याहून विचारणाऱ्यांसाठी: ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅगला वरचे अमेरिकी नियम लागू नाहीत. भारतात मोटरस्पोर्टचं नियमन एफएमएससीआय ही राष्ट्रीय संघटना करते, आणि लायसन्सही तिचंच. शिवाय स्विफ्ट घेऊन उतरणार असाल तर ओढणारी चाकं पुढची. मागच्या ॲक्सलची काळजी थार आणि स्कॉर्पिओवाल्यांनी करावी.