काउंटरवरचा डबा आणि खालचं खोकं, नेमकं कशासाठी?

बिल करताना बरेच जण विचारतात की हा डबा कसला आणि खाली जुन्या रॅकेटा-बॅटांचं खोकं कशाला ठेवलंय. गर्दीत नीट सांगणं होत नाही म्हणून हा कागद छापलाय.

डब्यातले पैसे आणि खोक्यातलं सामान, दोन्ही जातं आमच्या पेठेतल्या एका क्रीडा मंडळाला. मंडळ म्हटलं की पुण्यात आधी गणपतीच आठवतो, पण हे वर्षभर रोज संध्याकाळी मैदान उघडणारं मंडळ आहे, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला ट्रस्ट, फी नावापुरती, आणि शिकवणारे बरेचसे तिथेच खेळून मोठे झालेले. काम एकच, आजूबाजूच्या पोरापोरींना खेळायला जागा आणि शिकवायला माणूस मिळाला पाहिजे, घरची परिस्थिती कशीही असो.

पुण्याला हे काही नवीन नाही. तालमी पेठापेठांत आधीपासून होत्याच, पण कमिटी करून, वर्गणी काढून संस्था चालवायची सवय शंभरेक वर्षांपूर्वी चांगलीच रुजली. डेक्कन जिमखाना क्लब १९०६ चा, आणि आज शाळेत पोरं जो खो-खो खेळतात त्याचे नियम पहिल्यांदा नीट बांधले ते १९१४ साली तिथल्याच कमिटीने. १९२० ला अँटवर्पच्या ऑलिंपिकला आपले खेळाडू गेले त्यामागेही जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा होत्या आणि तेव्हाचे अध्यक्ष दोराबजी टाटा होते. मग १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं, त्याच संस्थेचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज १९७७ पासून आहे. आमच्या पेठेतलं मंडळ या मोठ्या नावांसमोर फारच छोटं, पण जातकुळी तीच.

आता पैसे लागतात कशाला? खो-खोला दोन खांब आणि मैदान, मल्लखांबाला लाकडी खांब आणि एरंडेल तेल, सामानाचा खर्च तसा किरकोळ (दुकानदार असून सांगतोय). खरा खर्च मैदानाचा. माती पाडणं, पाणी मारणं, रेषा आखायची फक्की, लाइटचं बिल, आणि आता मोठ्या मॅचेस मॅटवर होतात म्हणून मॅटची प्रॅक्टिस हवी, ती मॅट काही स्वस्त येत नाही.

डब्यात टाकलेल्या पैशाची पावती मिळत नाही. देणगीवरची इन्कम टॅक्सची (८०जी) सवलत हवी असेल तर थेट मंडळात जाऊन द्या, त्यातही रोख २००० रुपयांपर्यंतच चालते, वरची रक्कम चेकने किंवा यूपीआयने. नवीन टॅक्स रेजीम घेतली असेल तर ही सवलत नाहीच, आणि वस्तू दिल्या तर त्यावर कुठल्याच रेजीममध्ये नाही, तेव्हा जुन्या बॅटची पावती मागू नका.

खोक्यात काय चालतं? गट (जाळीची दोरी) तुटलेली रॅकेट चालते, नवीन गटिंग आम्ही फुकट करून पाठवतो. हँडल गेलेली बॅट चालते. वापरलेली शटलं, लेदर बॉल, दोन्ही पाय असलेले बूट चालतात, एकच बूट टाकून जाणारे कोण आहेत ते कळलं नाही अजून. फ्रेमला तडा गेलेली रॅकेट आणि एकदा जोरात बॉल लागलेलं हेल्मेट नको, ते घातक असतं. आणि प्लीज जुन्या ट्रॉफ्या आणू नका, त्यावर तुमचं नाव कोरलेलं असतं, मंडळाने त्यांचं करायचं काय?