कॅटलॉगमध्ये ‘धूमकेतू’ शोधताना

संदर्भ शोधून देण्याच्या कामासाठी आमच्याकडे येणारे बरेच जण पहिले वाक्य हेच बोलतात: “ग्रंथालयाचा कॅटलॉग पाहिला हो, काहीच नाही.” मग आम्ही तोच कॅटलॉग उघडतो आणि पुष्कळदा पुस्तके निघतात. आम्ही वेगळे काय करतो ते या पत्रकात लिहिले आहे. आधी स्वतः करून पाहा. अडलेच तर आम्ही आहोतच.

कॅटलॉगने पुस्तक वाचलेले नसते. त्याच्यापाशी असते फक्त एक नोंद: लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या, एकदोन विषयशीर्षके (ग्रंथालयाने विषयाला ठरवून दिलेली नावे) आणि वर्गांक (विषयानुसार पुस्तकाची जागा सांगणारा आकडा). एखाद्या पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात धूमकेतूंवर चाळीस पाने असतील, पण नोंदीत तो शब्द नसेल तर शोधाचे उत्तर शून्य. म्हणून ‘माझ्या विषयाला काय म्हणतात’ यापेक्षा ‘हे पुस्तक हातात घेऊन नोंद करणाऱ्याने काय लिहिले असेल’ हा प्रश्न जास्त कामाचा. धूमकेतू मिळाले नाहीत तर ‘खगोलशास्त्र’ घालून पाहा आणि आलेल्या पुस्तकांच्या अनुक्रमणिका चाळा.

मराठी शब्द टाइप करताना

१९६२च्या लेखन नियमांनंतर शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्यामुळे जुन्या पुस्तकाच्या नोंदीत ‘धूमकेतु’ असतो आणि आपण ‘धूमकेतू’ टाइप करतो. यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. शिवाय मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते: धूमकेतूचा, धूमकेतूंविषयी. जिथे तारांकनाची (*, म्हणजे ‘पुढे काहीही चालेल’) सोय आहे तिथे ‘धूमकेत*’ एवढेच लिहा. ऱ्हस्व, दीर्घ, विभक्ती सगळे एका फटक्यात येते. मात्र शब्द फार आखूड तोडू नका. ‘ग्रह*’ लिहिलेत की ग्रहांबरोबर ग्रहणेही येणार, आणि ‘तार*’ला तारीख आणि तारुण्यसुद्धा.

‘ताऱ्यांचे’सारख्या शब्दाची आणखी एक गंमत आहे. त्यातला ‘ऱ्य’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र जुळतीलच असे नाही. हा शब्द शीर्षकात डोळ्यांनी दिसतो आणि शोधात सापडत नाही, असे झाले तर शीर्षकातला दुसरा एखादा शब्द घ्या.

जुने शब्दही आठवून पाहा. धूमकेतूला मराठीत शेंडेनक्षत्र म्हणतात. प्रसिद्ध धूमकेतूच्या नावातले हॅले हे आडनाव हॅली, हेली असेही लिहिलेले आढळते. पर्यायी शब्द ‘ऑर’ने (OR, म्हणजे ‘किंवा’) जोडा. मराठी पुस्तकांच्या काही नोंदी रोमन लिपीत केलेल्या असतात, म्हणून एकदा तसाही प्रयत्न करावा.

वर्गांकाची वाट

ही आमची आवडती युक्ती. कामाचे एक पुस्तक मिळाले की त्याची पूर्ण नोंद उघडा, त्यातल्या विषयशीर्षकावर क्लिक करा आणि मग वर्गांकाच्या आजूबाजूला काय आहे ते बघा. मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ साली आणलेल्या दशांश वर्गीकरणात ५०० म्हणजे निसर्गविज्ञाने, ८०० साहित्य, ९०० इतिहास. धूमकेतू ५२३.६ मध्ये बसतात, मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये.

फसगत होते ती सीमेवर. भौतिकशास्त्राचा इतिहास शोधायला लोक ९०० च्या कपाटापाशी जातात आणि तो असतो ५३०.०९ मध्ये, गणिताचा ५१०.९ मध्ये. कोणत्याही विषयाच्या आकड्याला ०९ जोडला की त्या विषयाचा इतिहास, असा साधा हिशेब आहे (शून्य कधी कधी गळते). वर्गांकात दोन ठिपके (:) दिसले तर ते ग्रंथालय बहुधा भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचे द्विबिंदू वर्गीकरण वापरते, तिथे हे आकडे चालणार नाहीत.

इतिहासात

इथे नावे बदलतात. सेंट पीटर्सबर्ग १९१४ मध्ये पेट्रोग्राड झाले, १९२४ मध्ये लेनिनग्राड, आणि १९९१ मध्ये पुन्हा पहिले नाव. १९२०च्या सुमाराच्या शीर्षकात ‘पहिले महायुद्ध’ शोधू नका. दुसरे व्हायचे होते, तेव्हा नुसते ‘महायुद्ध’. विषयशीर्षक या सगळ्यांना एका नावाखाली आणते, म्हणून शीर्षकापेक्षा तिथे शोधलेले बरे.

आणि विषय भलत्याच नावाखाली लपलेला असतो. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले त्या १०६६ साली हॅलेचा धूमकेतू दिसला होता. फ्रान्समधल्या बायो गावच्या प्रसिद्ध भरतकामपटावर तो काढलेला आहे. त्या पटावरचे पुस्तक इंग्लंडच्या इतिहासात ९४२ मध्ये असेल किंवा वस्त्रकलेत ७४६ मध्ये. नोंदीत ‘धूमकेतू’ असण्याची शक्यता कमीच. अशा वेळी घटना, जागा आणि वर्ष यांवरून जावे.

साहित्यात

विषयावरून शोधण्याचा फारसा उपयोग नाही. कथा-कवितांना विषयशीर्षके तुरळकच मिळतात. लेखकावरून जा, आणि टोपणनाव व खरे नाव दोन्ही घालून पाहा: केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले. चांगल्या कॅटलॉगमध्ये एकावरून दुसऱ्याकडे जाण्याची सोय असते, सगळीकडे नसते. अनुवाद मूळ भाषेच्या आकड्याखाली जातो, म्हणून रशियन कादंबरीचा मराठी अनुवाद ८९१.७ मध्ये सापडेल. धूमकेतूंच्या शोधात आम्हाला एकदा कथासंग्रहच कथासंग्रह मिळाले. गुजरातीतले मोठे कथाकार गौरीशंकर जोशी ‘धूमकेतु’ या नावाने लिहीत! शोध ‘विषय’ या रकान्यापुरता ठेवला की असे पाहुणे येत नाहीत.

विज्ञानात

प्रकाशनवर्षाची गाळणी इथे आधी लावा. धूमकेतूचा गाभा म्हणजे धूळमिश्रित बर्फाचा गोळा, ही मांडणी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९५० मध्ये केली. हॅलेच्या गाभ्याची जवळून घेतलेली छायाचित्रे मार्च १९८६ मध्ये जोत्तो या अवकाशयानाने पाठवली. त्याआधीचे पुस्तक आजच्या माहितीसाठी अपुरे. पण १९१० साली हा धूमकेतू आला तेव्हा लोकांना काय वाटले, हे पाहायचे असेल तर तेच जुने पुस्तक सोन्यासारखे. एकच पुस्तक विज्ञानाच्या वाचकाने बाजूला ठेवावे आणि इतिहासाच्या वाचकाने उचलावे, असे वारंवार होते.

प्राणी-वनस्पतींसाठी शास्त्रीय नाव वापरा, जुने आणि नवे दोन्ही. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये वाघाला ‘फेलिस टायग्रिस’ म्हटले. आज तो ‘पँथेरा टायग्रिस’ आहे. नियतकालिकातले लेख मात्र ग्रंथालयाच्या साध्या कॅटलॉगमध्ये सहसा नसतातच. तिथे फक्त नियतकालिकाचे नाव आणि कोणते खंड आहेत तेवढे कळते. लेखांसाठी वेगळी सूची पाहावी लागते.

आमच्याकडे येताना

कोणते शब्द, कोणत्या रकान्यात, कोणत्या लिपीत टाइप केले ते लिहून आणा. पडद्याचा फोटो चालेल. शून्य आलेले शोधही गाळू नका, आमचे निम्मे काम त्यांवरूनच सुरू होते. हाती लागलेले एखादे जवळपासचे पुस्तक असेल तर त्याचा वर्गांक द्या. आणि माहिती आजची हवी की त्या काळची, हे आधी सांगा.