वीस झाडं, सतरा रात्री, चार वारे

ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याचा नायक ओडिसियस, कॅलिप्सो या देवीच्या बेटावरून निघतो तो तराफ्यावर बसून, असं आपण वाचत आलो आहोत. चित्रकारही चार ओंडके दोरीने बांधून त्यावर त्याला उभा करतात. पण 'ओडिसी'चा पाचवा सर्ग सुताराच्या नजरेने वाचला, तर तराफा हा शब्द जरा संशयास्पद वाटायला लागतो.

कॅलिप्सो त्याला तीन हत्यारं देते: ऑलिव्हच्या दांड्याची काशाची दुधारी कुऱ्हाड, लाकूड तासायचा वाकस आणि भोकं पाडायला गिरमिट. झाडं आल्डर, पॉप्लर आणि फर या जातींची, आणि उभ्याउभ्या कधीच वाळलेली. हा तपशील उगाच आलेला नाही. ओलं लाकूड जड असतं, आणि सुकताना आक्रसलं की सांधे ढिले पडतात. वाळलेलं लाकूड हलकं तरंगतं आणि पाण्यात गेल्यावर फुगून सांधे उलट आवळतं.

अशी २० झाडं तो पाडतो, तासतो, सूत लावून सरळ करतो. मग सगळ्यांना भोकं पाडतो, एकमेकांना जुळवून पाहतो आणि खुंट्या व जोड ठोकून बसवतो. तळाची रुंदी कवी सांगतो ती मालवाहू जहाजाच्या पोटाएवढी. त्यानंतर दाटीने उभ्या केलेल्या फासळ्या, त्यांवर लांब फळ्या, डोलकाठी, शीड टांगायचं आडवं परबाण, सुकाणूचं वल्हं. लाटेचं पाणी आत येऊ नये म्हणून कडेने वेताच्या विणीचं कुंपण. शिडाचं कापड कॅलिप्सो आणून देते. चार दिवसांत काम संपतं. एकट्या माणसाला चार दिवस फारच कमी आहेत, पण तेवढी सूट महाकाव्याला द्यायला हरकत नाही.

क्रम मात्र बघण्यासारखा आहे. आधी फळ्या एकमेकींना जोडायच्या, फासळ्या नंतर. भूमध्य समुद्रातली प्राचीन जहाजं अशीच बांधत. फळीच्या कडेत खाच कोरायची, समोरच्या फळीतही तशीच, दोन्हींत मिळून कठीण लाकडाची चपटी जीभ बसवायची आणि बाहेरून आरपार खुंटी मारून ती अडकवून टाकायची. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ सापडलेल्या उलुबुरुनच्या बुडालेल्या जहाजात, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकाच्या अखेरीस, हा सांधा दिसतो. देवदाराच्या फळ्या आणि ओकच्या जिभा. सायप्रसच्या किरेनिया बंदराजवळचं सुमारे १४ मीटर लांबीचं जहाज हजारभर वर्षांनंतरचं, पण पद्धत तीच.

सगळ्या अभ्यासकांना हे पटत नाही. काहींच्या मते होमरच्या मनात शिवलेली नाव असावी, कारण त्याच्याच 'इलियड'मध्ये नऊ वर्षं किनाऱ्यावर पडलेल्या जहाजांची लाकडं कुजली आणि दोर सुटले, असं म्हटलं आहे. शिवलेली नाव आपल्याला परकी नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेली 'कौंडिण्य' २०२५मध्ये नौदलात आली, तिच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या आहेत. ओडिसियसच्या हातात मात्र गिरमिट आणि खुंट्या आहेत, दोराने शिवल्याचा उल्लेख नाही. म्हणून माझा कौल खुंट्यांना.

बरोबर काळ्या दारूची एक पखाल, पाण्याची त्याहून मोठी एक आणि शिधा. प्रवास १७ दिवसांचा. दिवसाला दोन लिटर धरले तरी ३४ लिटर पाणी हवं, तेव्हा 'मोठी' हे विशेषण कामाचं आहे. न थांबता १७ दिवस म्हणजे ४०८ तास. ताशी ३ सागरी मैल या बेताच्या वेगानेही साधारण २,२५० किलोमीटर होतात. भूमध्य समुद्राची निम्म्याहून जास्त लांबी. हे बेट नकाशावर शोधायच्या फंदात पडू नये.

दिशा शोधता येते. तो झोपत नाही. कृत्तिका, उशिरा मावळणारा भूतप (बूटीस हा तारकासमूह) आणि सप्तर्षी पाहत राहतो. सप्तर्षी डाव्या हाताला ठेव, असं कॅलिप्सोने बजावलेलं असतं. उत्तर डावीकडे, म्हणजे नाव पूर्वेला. सप्तर्षींबद्दल कवी म्हणतो, समुद्रात कधी स्नान न करणारे तेच एक. आज अथेन्सहून पाहिलं तर हे पुरतं खरं नाही. तिथल्या ३८ अंश अक्षांशावर ५२ अंशांहून जास्त क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर) असलेलेच तारे कधी मावळत नाहीत, आणि शेपटीच्या टोकाचा मरीची ४९ अंशांवर आहे. तो थोडा वेळ बुडतो. पण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एका फेरीला सुमारे २६ हजार वर्षं लागतात. होमरच्या काळी, साधारण २,७०० ते २,८०० वर्षांपूर्वी, मरीची ६४ अंशांच्या आसपास होता. सातही तारे रात्रभर क्षितिजाच्या वर. (मुंबईहून आज सातही मावळतात, तिथे ही युक्ती अर्धी रात्रच चालेल.)

त्याच ताऱ्यांत ऋतूही दडला आहे. पश्चिमेला भूतप मावळतोय आणि पूर्वेला कृत्तिका वर येताहेत, हे संध्याकाळचं आकाश शरदातलं. ग्रीक खलाशी याच सुमारास नावा किनाऱ्यावर ओढायला लागत, कारण पुढे वादळं.

अठराव्या दिवशी फेएशियन लोकांच्या देशाचे डोंगर दिसतात आणि समुद्रदेव पोसायडन चारही वारे सोडतो. ते नावानिशी येतात: युरस, नोटस, झेफिरस, बोरियस. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर. कवीच्या मनात चारही एकदम झोंबतात. तरी हा क्रम पाहून हवामानशास्त्रज्ञ थबकेल. कमी दाबाचं केंद्र आपल्या उत्तरेकडून पूर्वेला सरकत असेल, तर वारा याच क्रमाने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. आणि शेवटच्या बोरियसला कवीने दिलेलं विशेषण आहे 'निरभ्र आकाशातून जन्मलेला'; वादळ सरल्यावर मागून येणारा कोरडा, गार वारा तसाच असतो.

नाव मोडते ती निव्वळ वाऱ्याच्या जोराने नव्हे. वारा फिरला तरी आधीच्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा लगेच मरत नाहीत. नव्या लाटा त्यांना आडव्या येतात, समुद्र उकळल्यासारखा होतो आणि कुठल्याच दिशेला नाळ (नावेचं पुढचं टोक) धरून नाव सावरता येत नाही. आधी हातातलं सुकाणू जातं, मग डोलकाठी मधोमध मोडते. तो पाण्यात पडतो तेव्हा कॅलिप्सोने दिलेले भारी कपडे भिजून त्याला खाली ओढतात.

ल्यूकोथिआ ही समुद्रदेवी येऊन सांगते: कपडे काढ, नाव सोड, पोहत जा. तो ऐकत नाही. लाकडं सांध्यांत धरून आहेत तोवर इथेच राहीन, ती फुटली की पोहेन, असं मनाशी ठरवतो. आजही खलाशांना हेच शिकवतात, तरंगती नाव सोडू नका. पुढची लाट लाकडं वाळक्या भुशासारखी उधळते. तो एका तुळईवर घोड्यावर बसल्यासारखा बसतो आणि मगच कपडे टाकतो.

दोन दिवस, दोन रात्री पाण्यात. तिसऱ्या दिवशी वारा पडतो, किनारा समोर, पण सगळा कडाच. तो खडकाला चिकटतो. परतणारी लाट त्याला ओरबाडून नेते आणि हातांची साल खडकावर राहते, बिळातून ओढलेल्या ऑक्टोपसच्या चूषकांना खडे चिकटून येतात तशी. मग तो शहाणपणा करतो. फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर जातो आणि किनाऱ्याला समांतर पोहत नदीचं मुख गाठतो. तिथे खडक नाहीत, वाऱ्याला आडोसा आहे.

बाहेर येतो तेव्हा अंग सुजलेलं, नाकातोंडातून खारं पाणी वाहतंय. एवढ्यावर संकट टळलेलं नाही. नदीकाठी रात्र काढली तर दव आणि पहाटेचा गार वारा जीव घेईल, हे तो ओळखतो; ओल्या, उघड्या अंगाची उष्णता वाऱ्यात झपाट्याने जाते. म्हणून तो झाडीत, ऑलिव्हच्या दोन दाट झुडपांखाली शिरतो आणि वाळक्या पानांचा ढीग अंगावर ओढून घेतो. पानांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. कवी इथे एका शेतकऱ्याची उपमा देतो: आडरानात राहणारा, शेजारपाजार नसलेला, सकाळी विस्तव मागायला कुणाकडे जाता येणार नाही म्हणून रात्री राखेत निखारा पुरून ठेवणारा.